राष्ट्रपती स्काऊट: सातवीपासून काय करावं?

प्रश्न: पोरगा सातवीत, ब्रह्मपुरी तालुक्यात. स्काऊटमधला प्रथम सोपान हा टप्पा झाला. राष्ट्रपती स्काऊट पुरस्कारापर्यंत पुढं काय काय लागते?

उत्तर १: भाऊ, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती. एकही टप्पा गाळता येत नाही, मधलं अंतरही ठरलेलं असते. लॉगबुकात तारीख अन् स्काऊट मास्टरची सही त्याच आठवड्यात घ्या. सरांची बदली झाली की जुन्या सह्यांसाठी फिरत बसावं लागते.

उत्तर २: स्क्वेअर लॅशिंग, म्हणजे दोन बांबू काटकोनात दोरीनं बांधणं, आत्ताच पक्कं करा. उभ्या बांबूला क्लोव्ह हिचची गाठ, दोन्ही बांबूंना तीन वेढे, मग बांबूंच्या मधून दोन आवळे (वेढे आवळून घट्ट करणारे फेरे), शेवटी आडव्या बांबूवर पुन्हा क्लोव्ह हिच. पोरं आवळे ढिले सोडतात, तिथंच बांबूंचा मनोरा डुलतो. अन् बांबू वाळलेलाच घ्या. ओला नंतर आकसतो, दोरी सैल पडते.