एटीव्हीची स्विंग आर्म आणि ए-आर्मची बेअरिंगं वाळू व खाऱ्या पाण्यापासून कशी वाचवायची?

किनारा_क्वाड:

नमस्कार मंडळी. नागावच्या किनाऱ्यावर भाड्याने चालणाऱ्या एटीव्ही (जाड टायरच्या चारचाकी क्वाड बाइक) आहेत. निम्म्या २५० सीसीच्या, मागे स्विंग आर्म (फ्रेमला बोल्टवर वर-खाली हलणारा, मागची चाकं धरणारा दांडा) आणि आरपार एकच ॲक्सल. बाकीच्या मोठ्या फोर-बाय-फोर, चारही चाकांना ए-आर्म (चाक धरणारे 'A' आकाराचे दांडे). दिवसभर वाळू आणि लाटेचं पाणी, संध्याकाळी प्रेशर वॉशरने धुलाई.

स्विंग आर्मची नीडल (बारीक सुयांवर चालणारी) बेअरिंगं एक सीझनही धड काढत नाहीत, गंजून जाम होतात. ए-आर्मच्या बुशांना (सांध्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांना) प्ले, म्हणजे सैलपणा, येतो. चाकांना दोन्ही बाजूंनी रबर सील असलेली ६२०५-२आरएस टाकूनही दोन-तीन महिन्यांत करकर सुरू. ग्रीस साधं पिवळं लिथियम. मेकॅनिक म्हणतो सगळीकडे निपल (ग्रीस भरायचं तोंड) ठोका आणि शॉकअपला कापडी कव्हर घाला. त्याने फरक पडेल का? आणि ग्रीस कुठलं वापरायचं?

स्पॅनर_१७:

आधी धुलाई बदला, नाहीतर बाकी सगळा खर्च पाण्यात. वॉशिंगच्या पंपाचा दाब सहज १०० बारच्या पुढे असतो. सीलची ओठासारखी कड उडणारा चिखल अडवण्यापुरती असते, जवळून मारलेल्या फवाऱ्यापुढे ती टिकत नाही. पाणी आत ढकललं जातं, आणि तीच कड नंतर बंद होऊन त्याला बाहेरही येऊ देत नाही.

दुसरं, गाडी गरम असताना धुऊ नका. ब्रेक आणि हब तापलेले असतात, आतली हवा फुगलेली असते. त्यावर गार पाणी पडलं की हवा आकसते आणि सीलच्या फटीतून बाहेरचं पाणी ओढून घेते. फेरी मारून थेट लाटेत घातलेल्या गाडीचंही हेच होतं, फक्त तिथे आत जातं ते खारं पाणी. निदान अर्धा तास गाडी उभी करा, मग साध्या नळीने, कमी धारेने, गोडं पाणी भरपूर. मीठ विरघळायला दाब नाही, वेळ लागतो.

डिझेल फवारून धुणं आणि नंतर काळं तेल फासणं, हे दोन्ही बंद. डिझेल सीलच्या कडेने आत शिरून ग्रीस पातळ करतं. काळ्या तेलावर वाळू चिकटून बसते. डब्ल्यूडी-४० बोल्ट सोडवायला ठीक, बेअरिंगवर मारलं तर आहे ते ग्रीस धुऊन नेतं.

आता स्विंग आर्म. तिथलं बेअरिंग कधीच पूर्ण फिरत नाही, काही अंशच मागे-पुढे हलतं. त्यामुळे प्रत्येक सुई स्लीव्हच्या (बोल्टवर बसणाऱ्या, बेअरिंगच्या आतल्या नळीच्या) त्याच रेघेवर घासते, तिथलं ग्रीस बाजूला सरतं आणि परत येत नाही. त्या कोरड्या रेघेत पाणी पोचलं की गंज, आणि गंजाची पूड पुन्हा घासायला तयार. फिरणारं चाक निदान ग्रीस ढवळत तरी राहतं.

उघडताना क्रम असा. गाडी फ्रेमखाली घोडी देऊन उचला, मागची चाकं आणि शॉकअपचा खालचा बोल्ट काढा, मग पिव्हट बोल्ट (ज्यावर आर्म हलतो तो). जाम असेल तर भेदक तेल टाकून रात्रभर सोडा आणि नट टोकाशी समतल फिरवून मगच ठोका, नाहीतर आटे गेले. स्लीव्ह बाहेर काढून नखाने तपासा. नख रेघेत अडकत असेल तर स्लीव्हही बदला. जुन्या स्लीव्हवर नवीन बेअरिंग म्हणजे पैसे वाया, शिवाय तीच रेघ नव्या सीलची कड कापते.

सुया रॉकेलने धुवा, पूर्ण वाळवा. हवेच्या नळीने फिरवू नका. ग्रीस बोटाने सुयांच्या मधे दाबत राहा, पलीकडून बाहेर येईपर्यंत. काही बेअरिंगांना पिंजरा नसतो, त्यांच्या सुया ग्रीसनेच जागेवर धरून राहतात, म्हणून स्लीव्ह फिरवत हळू घाला. स्लीव्हच्या आतून आणि पिव्हट बोल्टवरही पातळ हात मारा. पुष्कळदा बेअरिंग शाबूत असतं आणि बोल्टच स्लीव्हमधे गंजून बसतो, मग सगळंच कापावं लागतं.

बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळल्यावर, शॉकअप जोडण्याआधी, आर्म आडवा धरून सोडा. तो स्वतःच्या वजनाने सावकाश खाली आला पाहिजे. अडकत असेल तर स्लीव्ह आखूड आहे किंवा वॉशर राहिला आहे.

लेथवर्क_कुडाळ:

निपलबद्दल. मेकॅनिकचं चुकत नाही, पण नळीच्या मधोमध निपल ठोकलं की काम झालं असं समजू नका. हिशोब करा. नळीचा आतला व्यास ४० मिमी, स्लीव्हचा बाहेरचा २२, दोन बेअरिंगांमधलं अंतर २०० मिमी धरलं तर मधली पोकळी सुमारे १७५ मिली भरते. हातपंपाची ग्रीसगन एका दाबाला साधारण १ मिली देते. म्हणजे दीडशेच्या वर दाब दिल्याशिवाय बेअरिंगपर्यंत थेंब पोचत नाही. लोक दहा दाब देतात, समाधानाने निघून जातात, आणि बेअरिंग कोरडंच राहतं. जोडतानाच पोकळी हाताने भरून टाका, मग प्रत्येक दाबाचं ग्रीस दोन्ही टोकांना जातं. भरलेल्या पोकळीत पाणी साठायला जागाही उरत नाही.

निपल एम६ गुणिले १, ट्रॅक्टरच्या कुठल्याही दुकानात सरळ आणि ४५ अंशी दोन्ही मिळतात. भोक ५ मिमी. नळीची भिंत ३ मिमीहून पातळ असेल तर आटे धरत नाहीत, तिथे छोटा बॉस (जाड धातूचा तुकडा) वेल्ड करून घ्या. भोक वेल्डच्या जवळ नको आणि आर्मच्या खालच्या बाजूला तर अजिबात नको, दगडाला आपटून निपल तुटतं. ड्रिल आणि टॅप दोन्हीला ग्रीस लावून काम करा म्हणजे बुरा चिकटून बाहेर येतो. तरीही बेअरिंग बाहेर काढूनच भोक पाडायचं. आत राहिलेला बुरा वाळूपेक्षा वाईट.

ए-आर्मचे बुश लेथवर करून घेणार असाल तर 'नायलॉन दे' असं म्हणू नका. नायलॉन पाणी पितो आणि फुगतो. कोरडा असताना बरोबर बसलेला बुश आठवड्याने स्लीव्हला आवळतो, मग स्लीव्ह बुशात न फिरता बोल्टभोवती फिरते आणि फ्रेमचे कान (बोल्ट धरणाऱ्या पट्ट्या) खाते. डेलरिन किंवा यूएचएमडब्ल्यू (पाणी जवळपास न पिणारी कडक प्लास्टिकं) मागा, स्लीव्हला सुमारे ०.१ मिमी मोकळीक ठेवा आणि बुशाच्या आत ग्रीससाठी एक उथळ चर काढून घ्या. निपलचं तोंड त्या चरावर आलं पाहिजे. चर नसेल तर ग्रीसला जायला वाट नाही, गन नुसती अडते.

पिनबुश:

वरच्या दोघांशी सहमत, फक्त सील कुठल्या तोंडाने बसवायचं ते राहिलं. निपल असलेल्या जागी सीलची कड बाहेरच्या बाजूला तोंड करून बसवा. आतून दाब आला की ती उचलते आणि जुनं ग्रीस बाहेर सोडते, बाहेरून दाब आला की बसते. उलटी बसवली तर गनच्या दाबाने सीलच निसटून बाहेर येतं. जेसीबीच्या पिनांना रोज ग्रीस देतात ते याच तत्त्वावर: नवं घालायचं, त्याने घाण बाहेर ढकलायची.

बाहेर काय येतं ते बघा, तोच तुमचा रिपोर्ट. दुधासारखं पांढुरकं आलं तर आत पाणी आहे. तांबूस म्हणजे गंज सुरू झाला. काळ्यात चकाकी दिसली तर धातू झिजतोय, आता ग्रीसने भागणार नाही, उघडा. सीझनमधे आठवड्यातून एकदा, स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत. शक्यतो संध्याकाळी धुतल्यानंतर, म्हणजे आत आलेलं पाणी रात्रभर मुक्काम करत नाही. गन लावण्याआधी निपलचं डोकं पुसायचं, हे सांगूनही पोरं विसरतात आणि वाळूचं इंजेक्शन देतात.

बाहेर आलेली ग्रीसची माळ ठेवायची की पुसायची यावर दोन मतं आहेत. चिखलात ठेवली तर चालते, ती स्वतःच आडोसा होते. कोरड्या वाळूत मी पुसायच्या बाजूचा आहे.

कापडी कव्हर मात्र किनाऱ्यावर नको. ओली वाळू धरून ठेवतं आणि शॉकअपच्या रॉडवर सॅन्डपेपर गुंडाळल्यासारखं चालतं. घालायचंच तर रोज काढून धुवा, आणि ते कोणी करत नाही.

किनारा_क्वाड:

खूपच कामाचं. धुलाई आजपासून बदलतो. ग्रीस आणि चाकांच्या बेअरिंगबद्दल कोणी सांगेल का? ६२०५-२आरएस दोन्ही बाजूंनी बंद, त्यात काय करणार?

स्पॅनर_१७:

ग्रीस: कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स, एनएलजीआय २ (ग्रीसच्या घट्टपणाचा क्रमांक). खाऱ्या पाण्यात गंज अडवण्यात लिथियम त्याच्या जवळपासही येत नाही, आणि थोडं पाणी मिसळलं तरी हे पातळ होऊन वाहून जात नाही. महाग आहे, पण बेअरिंग आणि मजुरीच्या मानाने काहीच नाही. ते नाही मिळालं तर बोटींसाठीचं मरीन ग्रीस. रंगावर जाऊ नका. निळं, लाल, हिरवं हा कंपनीचा रंग असतो, डब्यावर जाडी आणणारा घटक काय लिहिला आहे ते वाचा. जुनं ग्रीस पूर्ण काढून मगच नवं भरा. पॉलियुरिया आणि लिथियम एकत्र आलं तर बहुधा पातळ होऊन गळतं, आणि नवीन बंद बेअरिंगात आत कुठलं आहे ते बाहेरून कळत नाही.

आता ६२०५. बंद बेअरिंगात कारखान्यातून मोकळ्या जागेच्या २५ ते ३५ टक्के एवढंच ग्रीस येतं. जास्त वेगाने फिरताना तापू नये म्हणून. तुमच्या चाकाचा वेग बघा: २२ इंची टायर, ताशी ५० किमी, म्हणजे मिनिटाला सुमारे ४७५ फेरे. ६२०५ मिनिटाला हजारो फेऱ्यांसाठी बनलेलं असतं. म्हणजे इथे तापायची भीती नाही आणि उरलेली जागा नुसती पाण्यासाठी रिकामी आहे. नवीन बेअरिंगचं रबर सील आतल्या कडेकडून बारीक सुईने अलगद उचला, आतलं ग्रीस धुऊन वाळवा, नवं ७०-८० टक्के भरा, सील बोटाने दाबून परत बसवा. बाहेरच्या कडेला सुई घातली तर सील वाकतं. धातूची झाकणं असलेलं झेडझेड घेऊ नका, त्यात फट असते.

हबच्या बाहेरचं ऑइल सील वेगळं असतं, ते प्रत्येक वेळी नवं. त्याची कड आणि बेअरिंग यांच्या मधल्या जागेतही ग्रीस भरा. पाण्याला आधी तो अडसर, मग २आरएसचं सील.

आणि बसवणं. तुमची दोन-तीन महिन्यांची करकर नुसत्या पाण्याची असेलच असं नाही. ठोकताना पाना किंवा सॉकेट बाहेरच्या रिंगवरच टेकला पाहिजे. आतल्या रिंगवर ठोकलं की गोळ्यांचे खड्डे पडतात, ते नवीन असतानाच खराब. हब ८०-१०० अंशांपर्यंत तापवा, बेअरिंग फ्रीजरमधे ठेवा, बहुतेक वेळा हाताने जातं. आधी एक बेअरिंग तळापर्यंत, मग मधला स्पेसर, मग दुसरं, फक्त स्पेसरला टेकेपर्यंत. स्पेसर राहिला किंवा दुसरं जास्त आत गेलं तर नट आवळताच दोन्हींवर बाजूने ताण येतो.

प्ले तपासताना गाडी उचलून चाक वर-खाली धरून हलवा, मग कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर चाकाचं बेअरिंग. तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा ए-आर्मचा बुश.

लेथवर्क_कुडाळ:

बॉल जॉइंटचं रबर भोसकून ग्रीस भरू नका, बरेच जण तेच करतात. सुईसारखं तोंड ग्रीसगनला लावून रबराच्या कडेखालून घाला, थोडं फुगलं की थांबा. भोक पडलं की पाण्याला दार उघडलं.

स्टेनलेस बेअरिंग बघत असाल तर सांगतो: गंज उशिरा येतो, येतच नाही असं नाही, आणि भार किंचित कमी पेलतात. सील आणि ग्रीस नीट असेल तर साधंच पुरतं.

पिनबुश:

२५० सीसीवाल्या गाड्यांचा मागचा ॲक्सल विसरू नका. मधल्या कॅरिअरमधे (ॲक्सल धरणाऱ्या नळीत) दोन मोठी बेअरिंगं असतात आणि त्यांच्यामधली पोकळीही भरपूर मोठी, तिचं गणित वरच्या १७५ मिलीसारखंच. चेन बाजूचं सील आधी जातं, कारण चेन वाळू तिकडेच फेकते. दर वेळी स्प्रॉकेट काढाल तेव्हा ते सील बघा.

पावसाळ्यात गाड्या उभ्या राहणार असतील तर आत्ताच सगळीकडे ताजं ग्रीस घालून ठेवा, सीझन संपल्यावर खारं ओलं ग्रीस आत ठेवून जाऊ नका. चाकं जमिनीपासून वर, आणि पंधरा दिवसांनी प्रत्येक चाक हाताने फिरवायचं, मागचा आर्म चार-पाचदा दाबून सोडायचा.

किनारा_क्वाड:

उद्या एका २५० सीसीचा मागचा आर्म उघडतोय. पिव्हट बोल्ट हलतच नाही, भेदक तेल टाकून ठेवलंय. तापवायचा झाला तर किती?

स्पॅनर_१७:

आधी प्लास्टिक, वायरिंग, पेट्रोलची टाकी आणि नळ्या बाजूला करा, जवळ पाण्याची बादली ठेवा. हीटगन वापरा, गॅसची ज्योत नको. बोल्ट नाही, आर्मची नळी तापवायची, पाण्याचा शिंतोडा टाकल्यावर चर्र होऊन उडेपर्यंत पुरे. मग नट टोकावर फिरवून तांब्याच्या हातोडीने ठोका, मधेच पान्याने बोल्टचं डोकं दोन्हीकडे थोडं थोडं फिरवत राहा. फिरायला लागला की निम्मं काम झालं. तापवलेल्या आर्ममधली जुनी बेअरिंगं आणि सीलं परत वापरू नका.