मदत हवी आहे : जनरल सिकोर्स्कींच्या निधनाची मराठी बातमी
पोलंडच्या लंडनमधील निर्वासित सरकारचे पंतप्रधान आणि सरसेनापती जनरल व्लादिस्लाव सिकोर्स्की यांच्यावर मी मराठीत लेख लिहीत आहे. त्यांच्या सरकारने ३० जुलै १९४१ रोजी सोव्हिएत संघाशी केलेल्या करारामुळे तेथे डांबलेल्या हजारो पोलिश नागरिकांची सुटका झाली आणि त्यांतील अनेक स्त्रिया व मुले १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिली. हा दुवा मला फार मोलाचा वाटतो. ४ जुलै १९४३ रोजी जिब्राल्टर येथे विमान कोसळून सिकोर्स्की मरण पावले. इंग्रजी चरित्रे वाचली आहेत, पोलिश येत नाही, आणि त्या महिन्याचे मराठी अंक महाजालावर सापडले नाहीत. कोल्हापूर किंवा पुण्यास येण्याची तयारी आहे. जुलै १९४३ मधील मराठी दैनिके बाहेरच्या वाचकाला कोणत्या ग्रंथालयात पाहता येतील?