घाटाजवळचा पंप बंद झाला, बोटीचं पेट्रोल आता कसं आणायचं? (बजेट १२ हजार)

वैनगंगा_काठ
रामराम मंडळी. गोसीखुर्दच्या बॅकवॉटरला, पवनी तालुक्यात आमचं गाव. घाटापासून हाकेच्या अंतरावर फाट्यावर छोटा पंप होता, तो दिवाळीनंतर बंद पडला. मालकाच्या पोरांना त्यात रस नाही आणि नवा कोणी घेत नाही. आता पेट्रोलसाठी जाऊन-येऊन चाळीस किमी.

माझ्याकडे दोन बोटी आहेत. एक मासेमारीचा फायबरचा डोंगा, त्याला ५ एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन). दुसरी आठ जणांची, ९.९ चं फोर-स्ट्रोक, सुटीच्या दिवशी पाहुणे फिरवतो. सोसायटीतल्या बाकीच्यांचंही हेच दुखणं आहे. जुना पंपवाला ओळखीचा, कॅन भरून द्यायचा. आता जिथे जातो तिथे "कॅनमध्ये मिळणार नाही" ऐकतो. गावातला किराणावाला बाटलीत देतो, पण लिटरमागे वीस रुपये वर, आणि त्यात काय मिसळतो त्यालाच ठाऊक.

कोणती कॅन घ्यावी? घरी किती ठेवलेलं चालतं? की दुसराच काही उपाय आहे? बजेट सगळं मिळून १२ हजार. वर जाणार नाही, धानाचे पैसे अजून खात्यात आले नाहीत.

नागपूर_सेलर
पेट्रोल सोडा, इलेक्ट्रिक घ्या. मी गेल्या वर्षी घेतली. मोटार, लिथियम बॅटरी, चार्जर सगळं धरून पावणेदोन लाखांत बसलं. आवाज नाही, धूर नाही, पक्षी उडत नाहीत. फोटोग्राफीसाठी तर अप्रतिम. बजेट जरा ताणलं तर आयुष्यभराचा प्रश्न मिटेल.

वैनगंगा_काठ
दादा, १२ हजार लिहिलं आहे.

नागपूर_सेलर
हो, वाचलं. म्हणूनच म्हटलं, जरा ताणा.

अकोल्याचा_मिस्तरी
भाऊ, मी आउटबोर्ड, फवारणी पंप, ब्रशकटर सगळं खोलतो, म्हणून सांगून रायलो. कॅन कोनतीबी घे, पन आजकालच्या पेट्रोलले पानी लागू देऊ नको. २० टक्के इथेनॉल रायते त्यात. इथेनॉल हवेतलं पानी वढते. पानी जास्त झालं का इथेनॉल अन् पानी मिळून खाली बसते अन् पेट्रोल वर तरंगते. तुह्या टू-स्ट्रोकमंधी आइल मिसळेल असते ना, ते आइल वरच्या पेट्रोलात रायते. इंजिन खालून वढते. म्हंजे बिनआइलचं पानीमिश्रित इथेनॉल पिस्टनले भेटते. मंग पिस्टन धरते अन् गिऱ्हाईक माह्या नावानं बोंबलते का "तूच बिघडवलं". आइल मिसळलेलं पेट्रोल दोन-तीन हप्त्यावर ठेवूच नको. पावसाळ्यात तर त्याहून कमी. काचेच्या बरणीत थोडं काढून पाय, दोन थर दिसले का फेकून दे.

ढिवर_पोरगा
मिस्तरीकाकांचं बरोबर आहे. आमच्या घाटावर एकाचं इंजिन असंच भर पाण्यात बसलं, वल्ह्यांनी परत आला. तेव्हापासून आम्ही टाकी आणि इंजिनच्या मध्ये पारदर्शक वाटीचा फिल्टर बसवतो, पाणी लगेच दिसतं. स्वस्त वस्तू आहे.

कायदा_आणि_काका
पेट्रोलियम कायदा १९३४. नीट वाचा, लोक उगाच घाबरतात किंवा उगाच बेफिकीर असतात. पेट्रोल हा 'अ' वर्ग. विक्रीसाठी नसेल तर एका माणसाजवळ एकूण ३० लिटरपर्यंत विनापरवाना चालतं. भांडं धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंतचं, काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर फक्त १ लिटरचं, आणि बूच घट्ट हवं. डिझेल 'ब' वर्ग, त्याची मुभा कितीतरी मोठी: एका जागी २,५०० लिटरपर्यंत, कोणतंही एक भांडं १,००० लिटरच्या वर नको. हे सगळं पाहणाऱ्या पेसोचं (केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना) मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तुमचा किराणावाला जे करतो ते बेकायदा आहे, कारण तो विकतो. त्याला ३० लिटरची सवलत लागूच होत नाही.

किराणा_गल्ली
काका, किराणावाले नसते तर अर्ध्या विदर्भाची फवारणी झाली नसती. पंप वीस किलोमीटरवर, माणूस शेतात. नुसती कलमं सांगू नका.

कायदा_आणि_काका
मी सोय नाही सांगत, कायदा सांगतो. सोयीचा कायदा हवा असेल तर आमदारांना विचारा.

पंपावरचा_जुना_माणूस
मी दहा वर्षं नोझल धरलं आहे. कॅनला नकार देण्यामागे बहुतेक वेळा मॅनेजरची भीती असते. अधूनमधून निवडणूक, मोर्चा, कुठे जाळपोळ झाली की सुट्टं पेट्रोल देऊ नका असा आदेश येतो, मग तो आदेश उठला तरी सवय तशीच राहते. सोसायटीच्या लेटरहेडवर बोटमालकांची नावं लिहून पंपमालकाला भेटा, काउंटरवरच्या पोराशी वाद घालू नका. सकाळी लवकर जा.

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. कॅन गाडीवर, ट्रॉलीत, पिकअपच्या प्लॅस्टिक मॅटवर ठेवून भरायची नाही. खाली जमिनीवर ठेवा, नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं ठेवा, धार हळू सोडा. स्टॅटिकची ठिणगी दिसत नाही, पण भडका दिसतो. काठोकाठ भरू नका. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, कॅन फुगते.

गडचिरोली_एक्सप्रेस
लोखंडी कॅन घ्या. २० लिटरची, मिलिटरी टाइप.

सावजी_तिखट
लोखंडी कॅनच घ्या. प्लॅस्टिकची अजिबात नको.

बायपास_बंडू
कॅन-बिन कायको? बाइकची टाकी फुल करा, घाटावर या, पाइप लावून काढून घ्या. पंपवाला काही बोलू शकत नाही. आम्ही ब्रशकटरला असंच करतो.

पंपावरचा_जुना_माणूस
गरम इंजिनावर पेट्रोल सांडलं तर काय होतं ते एकदा जळीत वॉर्डात जाऊन बघून या. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, बोटीच्या तळाशी साचून बसते. तुमच्या ब्रशकटरला तळ नसतो, बोटीला असतो. बोटीत भरणं झालं की दहा मिनिटं उघडी हवा खेळू द्या, मग स्टार्टरची दोरी ओढा. बिडी तर घाटाच्या वर.

बायपास_बंडू
एवढं काही होत नाही.

मुरुड_ते_मूल
मी मूळचा कोकणातला, सध्या नोकरीमुळे इकडे. तिकडे मच्छीमार संस्थांचे स्वतःचे डिझेल पंप बंदरावर असतात, वर डिझेलच्या विक्रीकराचा परतावा मिळतो. तुमच्या सोसायटीने तशी मागणी का करू नये? २०२५ च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला आहे.

ढिवर_पोरगा
दर्जा दिला, बरोबर. पण परतावा समुद्रातल्या यांत्रिक नौकांचा आहे. आमच्या तलावातल्या डोंग्याला कोण विचारतं? आमचा अर्धा वेळ तर जलपर्णी काढण्यात जातो. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून आंभोऱ्याला वैनगंगेत, आणि तिथून आमच्या जाळ्यात. पंख्याला गुंडाळली की पेट्रोल दुप्पट जळतं.

नागपूर_सेलर
इलेक्ट्रिकला जलपर्णी गुंडाळली तर लगेच कळतं, अँपिअर वाढलेले दिसतात.

ढिवर_पोरगा
आम्हालाही कळतं, बोट थांबते.

काशी_जाऊन_आलो
वाराणसीला नमो घाटावर पाण्यावर तरंगतं सीएनजी स्टेशन पाहिलं. नावाड्यांच्या जुन्या डिझेल बोटींना सीएनजी किट लावून दिले. बोट तिथे लावायची, गॅस भरायचा, निघायचं. आपल्याकडे ३३ दरवाज्यांचं धरण बांधलं, त्यावर पर्यटनाच्या मोठमोठ्या गोष्टी, आणि काठावर एक पंप टिकत नाही.

कायदा_आणि_काका
वाराणसीला बोटींची संख्या बघा, आणि पवनीला बघा. पंप खपावर चालतो. धरणाचं भूमिपूजन १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झालं तेव्हापासून अपेक्षा करत बसलो आहोत, हे मान्य.

धानवाला_लाखांदूर
विषय थोडा वेगळा, पण इंधनावरून आठवलं. मागेल त्याला सौर पंप योजनेत माझा अर्ज मंजूर झाला, पॅनल बसले. आता जुनं ५ एचपीचं डिझेल इंजिन गोठ्यात धूळ खात आहे. आमच्या गावात अशी सात-आठ पडली असतील. भंगारवाला किलोवर मागतो. ढगाळ दिवसात सौर पंप रडतो तेव्हा त्याच इंजिनाची आठवण येते, पण डिझेलचा भाव बघून हिंमत होत नाही.

वैनगंगा_काठ
काका, चालू आहे का? किती सांगता?

धानवाला_लाखांदूर
चालू आहे. हँडल मारलं की दुसऱ्या झटक्यात उठतं. दहा म्हटलं होतं, कोणी आठच्या वर जात नाही.

अकोल्याचा_मिस्तरी
अरे भाऊ, ते शेतातलं इंजिन शंभर किलोच्या वर भरते! फायबरच्या डोंग्यात ठेवशीन तर तळ हादरून तडकन. बोटीचं इंजिन बोटीत अन् शेतातलं शेतात. माह्या मतानं लोखंडी कॅन, फिल्टर, ताजं पेट्रोल. झालं.

नागपूर_सेलर
डिझेल? २०० फुटांवरून पक्षी उडतील. पाहुणे कानात बोटं घालून बसतील.

सावजी_तिखट
लोखंडी कॅन घ्या हो. एवढं काय.

पंपावरचा_जुना_माणूस
मीही कॅनच म्हणेन. पण डिझेल साठवणं पेट्रोलपेक्षा खूपच सोपं आणि सुरक्षित, हे खरं. पंपावर कॅनमध्ये डिझेल देताना कोणी फार हरकत घेत नाही, शेतकऱ्यांना रोजच देतात. शिवाय डिझेलचा टँकर घरपोच येण्याची सोय काही भागांत आहे, दहा-बारा जणांनी मिळून मागवलं तर विचारून बघा. पेट्रोलला ती सोय नाही.

वल्हे_मारा_राव
आमचे आजोबा वल्ह्यावर जाळं टाकून यायचे. एक थेंब इंधन नाही.

ढिवर_पोरगा
आजोबांच्या वेळी धरण नव्हतं. आता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला अर्धा दिवस लागतो, आणि वारा सुटला की वल्ह्यावरचा माणूस जाईल तिकडे जाईल.

वैनगंगा_काठ
मंडळी, सगळ्यांचे आभार. ठरवलं ते लिहितो, शिव्या घातल्या तरी चालतील.

लाखांदूरच्या काकांचं डिझेल इंजिन साडेआठ हजारात घेतलं. फायबरच्या डोंग्यात ठेवणार नाही, मिस्तरी भाऊंचं तेवढं ऐकलं. वडिलांची जुनी लाकडी नाव आहे, जड आणि रुंद, तिच्या मधोमध लाकडी बैठक करून बसवतो. शाफ्ट, पंखा आणि ग्लँड (शाफ्ट नावेबाहेर जातो तिथे पाणी अडवणारा भाग) भंडाऱ्याच्या लेथवाल्याकडून, तो अडीच हजार म्हणाला. इंजिन पाण्यावर थंड होणारं आहे, आणि नदीत पाण्याला तोटा नाही. पूर्ण लोडवर तासाला सव्वा लिटरच्या आसपास डिझेल जाईल असा काकांचा हिशेब. माझं टू-स्ट्रोक त्याच वेळात दोन लिटरच्या वर पेट्रोल पितं. शिवाय सोसायटीतले आम्ही पाच जण मिळून डिझेलचा एक ड्रम गावात ठेवू, कायदावाल्या काकांनी सांगितलेल्या मर्यादेच्या खूप आत.

पाहुण्यांच्या बोटीला पेट्रोलच राहील. त्यासाठी मेहुण्याची जुनी लोखंडी २० लिटरची कॅन मिळाली, फुकट. लेटरहेड घेऊन पंपमालकाला भेटलो. तो म्हणाला, आठवड्यातून एकदा, सकाळी सातला या.

अकोल्याचा_मिस्तरी
बरं बापा, तुह्या मर्जीनं. पट्ट्यावर चालवशीन तर पट्टा सैल करून क्लच होते, पन उलटा गियर भेटनार नाई, घाटाले लागतानी वीस हात आधीच पट्टा सोडत जाय. ग्लँडची दोरी ग्रीसमंधी भिजव अन् जास्त कसू नको, थेंब-थेंब पानी येऊ दे, त्यानंच शाफ्ट थंड रायते. कोरडी कसली का शाफ्ट खाते.

कायदा_आणि_काका
नावेला इंजिन लावल्यावर नोंदणी लागते का, ते तालुक्याला विचारून घ्या. २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. आणि डिझेलचा ड्रम राहत्या घरात नको.

नागपूर_सेलर
आठ लाइफ जॅकेट तरी घेतले का?

वैनगंगा_काठ
ते आहेत दादा. पाहुण्यांना घालायला लावणं हेच खरं काम.

ढिवर_पोरगा
टू-स्ट्रोक आता विकणार असाल तर आधी मला सांगा. माझं बजेट आठ हजार.

वैनगंगा_काठ
आठात नाही जमत, भाऊ. ये पाहायला.