विषय: अप्पांचा टीव्ही, उद्याच घ्यायचाय. ४३ की ५५?

नमस्कार मंडळी,
जुना टीव्ही गेला. आवाज येतो, चित्र नाही. मी गिरगावात रविवारपर्यंतच आहे, त्याआधी नवा बसवून निघायचंय. अप्पा म्हणतात पूर्वीसारखा ३२ इंचीच आण. शोकेसचा खण आतून ४० इंच रुंद, २४ इंच उंच. शोकेसला करवत लागणार नाही, त्यावर चर्चा नको. पलंग समोर सात फुटांवर, पण आई खिडकीपाशी बसते, म्हणजे बरीच तिरकी. बजेट तीस-पस्तीस हजार. बघतात ते मराठी मालिका, बातम्या आणि क्रिकेट. काय घेऊ?
– गिरगावची ताई

ताई, डोळे मिटून ५५ घे. ४के, म्हणजे एचडीहूनही बारीक चित्राला पडद्याच्या कर्णाच्या सव्वा ते दीडपट अंतर पुरतं, ५५ ला ते पावणेसहा ते सात फूट येतं. तुमची खोली त्याच मापाची आहे. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. ३२ पर्यंतच्यांना तो आधीपासून १८ च होता. म्हणजे करासाठी ३२ वर अडून राहायचं कारण उरलं नाही, अप्पांना सांग. शोकेस सोड, वर भिंतीवर लाव.
– माजी खजिनदार

शोकेस सोड म्हणजे काय भावोजी? वर लावला की मान वर करून बघा रोज तीन तास. दादरला सासूबाईंकडे असाच ५५ शोकेसच्या वर लावला होता. भिंत बाहेरची, पश्चिमेची. दुसऱ्या पावसाळ्यात ओल आली, ब्रॅकेटचे स्क्रू गंजले आणि प्लास्टर सुटायला लागलं. शेवटी टीव्ही उतरवून टेबलावर ठेवला. त्या टेबलाने खोलीतली जायची-यायची वाट अडली. माणसं मोठी आहेत, अंधारात अडखळतात. टीव्ही खणातच बसवा.
– दादरच्या वहिनी

मी डिसेंबरात मुंबईला जातोय. इथे अमेरिकेत थँक्सगिव्हिंगला स्वस्त मिळतात, मी घेऊन येऊ का? तोवर अप्पांना फोनवर बघता येईल.
– विमानतळवाला

नको रे. २६ ऑगस्ट २०१३ पासून फ्लॅट टीव्ही ड्यूटी-फ्री सामानात धरत नाहीत, कस्टम भरावंच लागतं. तिकडचे काही सेट फक्त १२० व्होल्टचे असतात, इथे २३० आहे. वॉरंटी इथे चालेलच असं नाही. आणि क्रिकेट चालू असताना अप्पांना डिसेंबरपर्यंत थांबवणार कोण?

आता ताई, मुद्द्याचं. खजिनदारांचं गणित ४के चित्रापुरतं बरोबर आहे, पण अप्पांच्या घरी ४के येतं कुठून? साध्या एसडी चॅनेलच्या चित्रात ५७६ ओळी असतात, ४के पडद्यावर २१६०. उरलेलं टीव्ही स्वतः भरून काढतो. पडदा जितका मोठा तितकं ते फुगवलेलं चित्र जास्त दिसतं, मालिकेतल्या माणसांचे चेहरे मेणाचे वाटतात. आधी हे बघ: सेट-टॉप बॉक्स टीव्हीला कुठल्या वायरने जोडलाय? लाल-पांढरी-पिवळी असेल तर तिच्यातून एसडीच चित्र येतं, मग बॉक्स एचडीचा करून घे आणि एचडीएमआय केबल लाव. मराठीत झी मराठी आणि स्टार प्रवाह दोन्ही एचडीत आहेत. चित्रात फरक पडेल तो त्या बॉक्समुळे, वरच्या बारा इंचांमुळे नाही.

दुसरं, आईंचं बसणं. पॅनल म्हणजे पडद्याचा प्रकार, आयपीएस किंवा व्हीए. तू आयपीएस घे, त्यात बाजूनेही रंग बरे दिसतात. व्हीए पॅनलचा काळा रंग जास्त गडद, समोरून सुंदर दिसतो, पण तिरकं बसणाऱ्याला रंग विटलेले दिसतात. विक्रेत्याला पॅनल माहीत नसेल तर सरळ बाजूला जाऊन उभी राहा आणि बघ. दुकानात जी चकचकीत डेमो फिल्म फिरत असते ती बंद करायला सांग, बातम्यांचं चॅनेल लावून घे. लाजू नकोस. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तर हे मागायचंच असतं.
– पार्ल्याचे काका

काका, मुंबईतल्या खरेदीची फाईल मी सांभाळते आणि मागच्या गणपतीनंतर त्यात टीव्हीचं पान घातलंय. प्रत्येकाने नव्याने सुरुवात केली तर त्या फाईलचा उपयोग काय? तुमचं पॅनलचं लिहिलेलं त्यात नव्हतं, तेवढं मी घालते. रॅमचं आहे: १ जीबीवाला घेऊ नये, वर्षा-दोन वर्षांत रिमोट दाबला की वाट बघत बसावं लागतं.
– चिटणीस

पार्लेकर, म्हणजे माणसाने जन्मभर एसडीच बघायचं? नातवंडं सुट्टीत येतात, ती ओटीटी लावणारच.
– माजी खजिनदार

नातवंडं दोन आठवडे, अप्पा पन्नास. टीव्ही त्यांचा आहे.
– दादरच्या वहिनी

वायर लाल-पांढरी-पिवळीच निघाली! बॉक्सवाल्याला फोन केला, एचडी बॉक्स शनिवारी बसवतो म्हणाला.
आता नवी अडचण. ४३ ची रुंदी ३८ इंच, खणात बसते. पण पाय लावल्यावर उंची सव्वाचोवीसच्या वर जाते. पाव इंचाने अडलंय. अप्पा म्हणतात, बघ, म्हणून ३२ म्हणत होतो.
– ताई

पाय लावूच नकोस. पायांशिवाय ४३ साधारण सव्वाबावीस इंच भरतो. खणातच ब्रॅकेटवर टांग. फक्त शोकेसच्या पाठीच्या प्लायवर भार टाकू नको, बोल्ट प्लायमधून आरपार मागच्या भिंतीत जायला हवेत. भिंत कसली आहे?
– पार्ल्याचे काका

स्वयंपाकघराची. विटांची, कोरडी. पण प्लायला भोकं पडतील म्हणून अप्पा गप्प झालेत.
– ताई

भोकं टीव्हीच्या मागे झाकली जातात, अप्पांना दाखव. आणि आवाजाचं कोणीच लिहिलं नाही. स्पीकर खाली तोंड करून असतात, लाकडी खणात आवाज घुमतो आणि बोलणं कळत नाही. वयस्कर माणसं मग आवाज वाढवत नेतात आणि शेजारी तक्रार करतात. ५५ चे वाचलेले पैसे साध्या साउंडबारमध्ये, म्हणजे वेगळ्या लांबट स्पीकरमध्ये घाल. टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टला जोड, त्यातून टीव्हीचा आवाज बाहेर साउंडबारकडे जातो, म्हणजे बॉक्सचा आवाजही त्यातूनच येईल. मालिकेतले संवाद आईंना कळले पाहिजेत.
– दादरच्या वहिनी

वहिनी, साउंडबारचं पान फाईलमध्ये वेगळं आहे.
– चिटणीस

अप्पा भोकांना हो म्हणाले, चारच पाडायची या अटीवर. ४३, आयपीएस, २ जीबी, साउंडबार शोकेसच्या वरच्या फळीवर. ब्रॅकेटवाला शनिवारी, बॉक्सवाल्याच्या आधी. काका, फळीपर्यंत एचडीएमआय केबल दीड मीटरची पुरेल की दोनची घेऊ?
– ताई

दोनची घे. दीडची ताणून बसते आणि पोर्ट सैल होतो.
– पार्ल्याचे काका