लेबर डेचा डिस्क गोल्फ: भिडू कसे वाटायचे?

मी: मंडळी, लेबर डेला पार्क बुक झालंय, सकाळी ९ ते १. डोकी १५. नव्यांसाठी: डिस्क गोल्फ म्हणजे टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, चकती फेकत फेकत साखळीच्या बास्केटमध्ये टाकायची; एक बास्केट म्हणजे एक होल. स्पर्धा कशी खेळायची ते आजच ठरवू, नाहीतर गेल्या वर्षीसारखं पार्किंगमध्ये भांडत बसू.

बंडूदादा: त्यात ठरवायचं काय? ९ होल, ज्याच्या फेकी कमी तो जिंकला. आणि तो पोरांचा पार्क सोडा, सांताक्रूझला डेलाव्हियागाला जाऊ. २७ नंबरच्या होलवरून मॉन्टेरे बे दिसतो!

सुमाआत्या: तिथे पॉयझन ओक आहे रे. डिस्क शोधायला झुडपात शिरायचं आणि आठवडाभर खाजवत बसायचं. मी नाही येणार.

वहिनी: पार्क तोच राहू दे. पण बंडूचा हिशोब नको. गेल्या वर्षी २६ फेकींत संपवून हा गाडीत एसी लावून बसला. दुसरा नंबर ३४. चौथ्या होललाच निकाल लागला होता, पुढे आम्ही नुसतेच चाललो.

बंडूदादा: दर रविवारी खेळतो हा माझा गुन्हा?

पिंट्या: बाद फेरी ठेवा. एकास एक.

मी: १५ जणांत पहिल्याच फेरीत ७ जण बाहेर. एलएहून सहा तास गाडी हाकत येणार आणि अर्ध्या तासात बाद?

पिंट्या: पोहे असतील तर चालेल.

मंदार: हँडिकॅप द्या. गेल्या वर्षीचे स्कोअर माझ्याकडे आहेत. पार, म्हणजे ठरलेल्या फेकी, २७, आप्पांच्या ५८ झाल्या होत्या, म्हणजे ३१ जास्त. तेवढ्या यंदा वजा करायच्या.

बंडूदादा: वा! आप्पांनी ५२ मारल्या तरी २१ धरायच्या? २१ मी जन्मात मारल्या नाहीत.

मंदार: पूर्ण नको, ८० टक्के. ३१ चे धरा २५. ५२ वजा २५, २७ झाल्या. तू २६ मारल्यास तर तूच पुढे.

वहिनी: आणि जे सहा जण पहिल्यांदाच खेळणार, त्यांचं कशातून वजा करणार?

मी: शिवाय काही लोकांच्या गेल्या वर्षी ४१ झाल्या आणि मार्चपासून त्यांनी गॅरेजमध्ये बास्केट टांगलीय. नाव घेत नाही. आमच्याच घरात राहतात.

मंदार: (मेसेज डिलीट केला)

सुमाआत्या: शुभ सकाळ. हसत राहा, फुलांसारखे फुलत राहा.

सुमाआत्या: अगं चुकून इथे आलं, भिशीच्या ग्रुपवर टाकायचं होतं.

आप्पाकाका: चि. बंडू, मंदार व इतर सर्व, सप्रेम आशीर्वाद. तुमच्या वजाबाकीने मी जिंकलो तरी ती जीत मला नको. सांगलीच्या वाड्यात विटीदांडू खेळताना धाकट्या भावाला आम्ही कच्चं लिंबू करायचो. त्याला खेळायला मिळे, पण त्याचे मोजत कोणी नसे. तो रोज रडत घरी जाई. आता या वयात मला कच्चं लिंबू करू नका. माझी फेक वाईट पडली तरी चालेल, पण ती कुठेतरी धरली गेली पाहिजे.

नाना: तो धाकटा भाऊ मी होतो, हेही लिही ना.

आप्पाकाका: तुझी आता माफी मागतो.

मी: आप्पांचं पटलं. मग जोड्या करू. बेस्ट शॉट म्हणजे दोघांनी फेकायचं, जी डिस्क चांगली पडली तिथून पुन्हा दोघांनी, असं बास्केटपर्यंत.

वहिनी: ते मी एका पिकनिकला भोगलंय. बंडूची भिडू होते. माझी एकही डिस्क धरली नाही, मी ९ होल त्याची पाण्याची बाटली घेऊन हिंडले.

मी: म्हणूनच अट घालायची. दोघांचीही टीवरची पहिली फेक निदान ३ होलना धरावीच लागेल. मग बंडूदादाने कितीही लांब टाकली तरी तीनदा भिडूच्या डिस्कपासून पुढे जावं लागणार. कुठल्या होलला ते ज्याचं त्याने ठरवायचं. आणि नववा होल आळीपाळीने, एक फेक याची, एक त्याची.

बंडूदादा: हं. हे जरा डोक्याचं काम झालं. आवडलं.

चिंगी (आईच्या फोनवरून): आणि सगळ्यांना फक्त पटर, ती जवळच्या फेकीची डिस्क!! बाबाची ती मोठी बॅग घरी!!

बंडूदादा: फितूर.

मी: नाही, चिंगी बरोबर बोलतेय. नवख्याच्या हातात ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची डिस्क, दिला की त्याला वेग देता येत नाही, आणि उजव्या हाताची बॅकहँड फेक डावीकडे वळून झुडपात जाते. पटर हळू फेकला तरी त्यातल्या त्यात सरळ जातो. शोधाशोध वाचेल. हरवलेली डिस्क ३ मिनिटंच शोधायची हा नियम आहे, आपण मागे अर्धा तास घालवला होता.

मंदार: १५ म्हणजे एक जण उरतो.

बंडूदादा: तो कॅली. एकटा खेळतो, पण प्रत्येक होलला एक जादा फेक मिळते. कुठलीही एक पुन्हा मारायची आणि दोन्हींतली बरी धरायची. इथल्या विकली डबल्सना, म्हणजे दर आठवड्याच्या जोड्यांच्या खेळाला, असंच करतात.

पिंट्या: कॅली बंडूदादा झाला तर आपण पोहेच खाऊ.

मी: चिठ्ठ्या काढू. एका वाटीत खेळलेले ८, दुसऱ्या वाटीत नवे सहा आणि आप्पा. पहिल्या वाटीत शेवटी उरेल तो कॅली. दोन-दोन टीमचे चार गट, १, ३, ५ आणि ७ नंबरपासून एकदमच सुरू, म्हणजे कोणी रांगेत ताटकळणार नाही. बरोबरी झाली तर पहिल्या होलपासून जो आधी चुकेल तो हरला.

सुमाआत्या: बक्षीस काय?

नाना: आप्पांच्या बॅगेत सांगलीचा भडंग पाठवलाय, ५ पुडे.

आप्पाकाका: ४ उरले आहेत.

बंडूदादा: आप्पा, माहीत आहे का, या खेळाची साखळीवाली बास्केट काढणारा एड हेड्रिक २००२ मध्ये गेला, तेव्हा त्याच्या अस्थींची राख घालून डिस्क बनवल्या होत्या. त्याचीच इच्छा होती.

सुमाआत्या: शिव शिव.

आप्पाकाका: मला कृष्णामाई बरी. बंडू, एक विचारतो. चौथ्या होलला उतार आहे ना? माझ्या तीनपैकी पहिली तिथेच धरायची. डिस्क पडली तरी गडगडत पुढे जाते, हे मी गेल्या वर्षी बघून ठेवले आहे.

बंडूदादा: आप्पा, माझ्या चिठ्ठीला तुम्हीच या.