‘व्हायरस’ आणि ‘विष’: नाते खरे की निव्वळ ध्वनिसाम्य?

जिज्ञासू: सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकांत ‘व्हायरस या लॅटिन शब्दाचा अर्थ विष’ एवढे एक वाक्य असते आणि पुढच्याच ओळीत लेखक प्रथिनांच्या कवचाकडे वळतो. मूळ लॅटिनमध्ये हा शब्द नेमका कशासाठी वापरत असत आणि आजच्या अर्थापर्यंत तो कसा पोहोचला? दुसरे असे की, तो संस्कृत ‘विष’ शब्दाचा नातलग असल्याचे अधूनमधून वाचनात येते. जगातला प्रत्येक शब्द संस्कृतात नेऊन बसवणाऱ्यांचा मला धसका आहे, म्हणून जाणकारांनी खुलासा करावा.

तुंबडी: आपल्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. लॅटिनमध्ये या शब्दाला ‘विष’ हा एकच अर्थ नव्हता. बुळबुळीत स्राव, वनस्पतीचा चीक, सापाचे गरळ, उग्र दर्प किंवा चव अशा बऱ्याच गोष्टींना तो लावला जाई. पहिल्या शतकात केल्सस या रोमन लेखकाने आपल्या वैद्यकग्रंथात सल्ला दिला आहे की, चावणारा कुत्रा पिसाळलेला असेल तर जखमेवर तुंबडी लावून त्याचा ‘व्हायरस’ ओढून काढावा. रेबीज हा विषाणूजन्य रोग असल्याचे आज आपल्याला ठाऊक असल्यामुळे हे वाक्य द्रष्ट्याचे वाटते. पण केल्ससच्या मनात लाळेतून जखमेत उतरलेले विष होते, त्याहून अधिक काही नाही.

पुढे रोग पसरवणारे कोणतेही द्रव्य या सैल अर्थाने शब्द चालत राहिला. देवीच्या लशीचा जनक जेन्नर याने 1798 मध्ये गोदेवीच्या, म्हणजे गायींना होणाऱ्या देवीसारख्या रोगाच्या, फोडांतील स्रावाला ‘व्हायरस’च म्हटले आणि पाश्चरच्या काळातही रोगकारक जंतूंना सरसकट हा शब्द वापरला जाई. अर्थ खरा आवळला गेला तो तंबाखूच्या पानांमुळे. रशियन शास्त्रज्ञ इव्हानोव्स्कीने 1892 मध्ये दाखवले की, मोझॅक रोग (यात पानांवर फिकट-गडद ठिपके पडतात) झालेल्या पानांचा रस जीवाणू अडवणाऱ्या चिनी मातीच्या गाळणीतून काढला तरी निरोगी झाडांना रोग होतो. तो जीवाणूंची कल्पना सोडायला तयार नव्हता. डच शास्त्रज्ञ बायेरिंकने 1898 मध्ये मात्र दाखवले की, गाळलेल्या रसातले हे द्रव्य जिवंत झाडात वाढत जाते, म्हणजे ते साधे विष नव्हे. त्याने त्याला ‘जिवंत द्रवरूप संसर्ग’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले आणि ‘व्हायरस’ हा शब्दही वापरला. त्यानंतर काही दशके ‘गाळणीतून पार होणारा व्हायरस’ असे लांबलचक म्हणत. कालांतराने विशेषण गळाले. गंमत अशी की, अमेरिकन शास्त्रज्ञ स्टॅन्लीने 1935 मध्ये त्याच रोगकारकाचे स्फटिक मिळवले आणि ‘द्रवरूप’ ही कल्पना मागे पडली, तरी द्रवाचे नाव मात्र कायम राहिले.

मूर्धन्य: नाते खरे आहे, पण ते सख्ख्या भावंडांचे आहे, लॅटिन शब्द संस्कृतातून आलेला नाही, दोन्ही एकाच जुन्या इंडो-युरोपीय मुळातून आले आहेत. ‘ष’च्या जागी ‘र’ कसा, ही शंका साहजिक आहे. प्राचीन लॅटिनमध्ये दोन स्वरांमधल्या ‘स’चा ‘र’ होत असे आणि हा बदल नियमित आहे. ‘कुळाचा’ या अर्थाच्या संस्कृत ‘जनसः’ला लॅटिनमध्ये ‘गेनेरिस’ हे रूप जुळते. उंदीर या अर्थाचा संस्कृत ‘मूष’ लॅटिनमध्ये ‘मूस’ असतो, पण षष्ठीत त्याचा ‘मूरिस’ होतो. स्नायूला इंग्रजीत म्हणतात तो ‘मसल’ याच उंदराच्या लघुत्वदर्शक रूपातून, ‘मुस्कुलुस’मधून आला; तिथे ‘स’पुढे व्यंजन असल्याने तो टिकला. असा नियम हाताशी असला की ध्वनिसाम्याच्या भरवशावर राहावे लागत नाही.

जिज्ञासू: दोघांचेही मनापासून आभार. ‘व्हायरस’चा लॅटिनमधला मूळ उच्चार ‘वीरुस’ असेल, तर ‘वीर’ या शब्दाशी काही संबंध लागतो का?

मूर्धन्य: नाही. ‘वीर’चा नातलग लॅटिन ‘विर’, म्हणजे पुरुष. ऱ्हस्वदीर्घाचा खेळ पाहण्याजोगा आहे: लॅटिनमध्ये पुरुषाचा ‘वि’ ऱ्हस्व आणि विषाचा ‘वी’ दीर्घ, तर संस्कृतात नेमके उलट. म्हणूनच ‘व्हायरस’चे अनेकवचन म्हणून कोणी ‘विरी’ लिहिले, तर लॅटिन जाणणारा ‘पुरुष मंडळी’ असे वाचेल.

तुंबडी: एक पुरवणी. ‘व्हिर्युलंट’ हे विशेषणही याच घरातले असून त्याचा मूळ अर्थ ‘विषाने भरलेला’ असा होता. हा शब्द आज जीवाणूंनाही लागतो. रोगाची तीव्रता सांगताना तो जीवाणू आणि विषाणू असा भेद करत नाही.