मदत हवी आहे: टाइप चेकर नव्याने लिहिलाय, कंपायलर हळू झाला नाही हे खात्रीने कसं दाखवायचं?

नमस्कार मंडळी,

इथे कंपायलरवर काम केलेले, निदान परफॉर्मन्स मोजण्यात हात मुरलेले काहीजण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे म्हणून विचारतेय. थोडं लांबेल, पण माहिती अर्धवट दिली की निम्मे प्रतिसाद "आधी हे सांगा, ते सांगा" असेच येतात, म्हणून सगळंच लिहिते.

आमच्या टीमची एक छोटी फंक्शनल भाषा आहे, हिशेबाचे आणि सवलतींचे नियम लिहायला वापरतात, बाहेर कुणाला माहीत असायचं कारण नाही. कंपायलर रस्टमध्ये. टाइप इन्फरन्स हिंडली-मिलनर पद्धतीचं, म्हणजे लिहिणाऱ्याने टाइप (आकडा, मजकूर असा प्रकार) लिहायचे नाहीत, कंपायलरने शोधून काढायचे; ते काम करतो तो टाइप चेकर. जुना टाइप चेकर १९८२ च्या दामास-मिलनर पेपरमधल्या अल्गोरिदम डब्ल्यूवरून जवळजवळ ओळीला ओळ लावून लिहिलेला होता, प्रत्येक एक्स्प्रेशनमधून एक टाइप आणि एक सब्स्टिट्यूशन (कुठल्या टाइप व्हेरिएबलच्या जागी काय आलं त्याची यादी) परत येतं आणि ती सब्स्टिट्यूशनं एकमेकांत मिसळत वर वर जायचं. कागदावर हे फार देखणं आहे, कोडमध्ये मात्र प्रत्येक पायरीला हॅशमॅपची कॉपी आणि टाइपच्या झाडांचे क्लोन, शिवाय लेट आला (म्हणजे कशाला तरी नाव दिलं) की ते नाव वेगवेगळ्या टाइपना चालावं म्हणून जनरलाइझ करण्यासाठी अख्ख्या एन्व्हायर्नमेंटमधली (नावं आणि त्यांचे टाइप यांच्या तक्त्यातली) मोकळी व्हेरिएबल्स शोधत फिरायचं. आणि नावं सोडवणं, मॅचमध्ये सगळ्या केसेस आल्यात का बघणं, थोडं डीशुगरिंग (सोयीची लिखाणं मूळ रूपात उलगडणं), हे सगळं त्याच एका रिकर्सिव्ह फंक्शनच्या पोटात.

बदलायचं कारण वेग नव्हतं, हे स्पष्ट सांगते. आम्हाला एडिटरमध्ये सपोर्ट द्यायचाय, कर्सर नेला की टाइप दिसावा, आणि जुना चेकर पहिल्या चुकीलाच थांबायचा, वर एएसटी (प्रोग्रॅमचं झाडाच्या रूपातलं स्वरूप) गिळून टाकायचा, त्यामुळे "या जागेचा टाइप काय" हे नंतर विचारायला काही शिल्लकच राहायचं नाही. म्हणून तीन तुकडे केले. नावं सोडवणं आधी, मग इन्फरन्स, मग मॅचची तपासणी वेगळ्या पासमध्ये. इन्फरन्समध्ये सब्स्टिट्यूशन काढून युनियन-फाइंड (सारखी ठरलेली व्हेरिएबल्स एकमेकांना जोडत जायची रचना) आणलं, टाइप सगळे इंटर्न केले (म्हणजे सारखा टाइप एकदाच साठवायचा आणि पुढे फक्त त्याचा नंबर फिरवायचा), आणि जनरलाइझ करायला दिदिए रेमींची लेव्हलची युक्ती घेतली जी ओकॅमलच्या कंपायलरमध्ये वर्षानुवर्षं आहे, त्यात प्रत्येक टाइप व्हेरिएबलवर ते किती खोल लेटमध्ये जन्मलं तो आकडा असतो, मग एन्व्हायर्नमेंट चाळत बसावं लागत नाही. टाइप आता एएसटीच्या नोडमध्ये नाहीत, बाजूच्या टेबलमध्ये आहेत.

कोड वाचायला आता खरंच चांगला झालाय. टेस्ट सगळ्या पास. पण मर्ज करायच्या आधी सीनियर मंडळींची एकच अट आहे की कंपायलर हळू व्हायला नको, आणि ती अट मला पूर्ण मान्य आहे, कारण नियम लिहिणारे लोक दिवसभर सेव्ह करून रिझल्ट बघत असतात.

तर आता मोजमाप. लिनक्स, इंटेल मशीन, क्लॉक स्थिर राहावा म्हणून टर्बो बंद, गव्हर्नर परफॉर्मन्सवर, टास्कसेटने एका कोअरला बांधून हायपरफाइन (वेळ मोजायला) आणि परफ स्टॅट (प्रोसेसरचे काउंटर वाचायला) दोन्ही चालवले. (लॅपटॉपवर मोजणं सोडून दिलंय, दुपारी मशीन तापली की क्लॉक खाली येतो आणि सकाळचे आकडे दुपारी जुळत नाहीत.) दिसलं ते असं:

इन्स्ट्रक्शन्स (प्रोसेसरने पार पाडलेल्या सूचनांची संख्या) सगळीकडे चांगल्याच कमी झाल्यात, मोठ्या फाईलींवर तर खूपच. मोठ्या फाईलींवर वेळही कमी झालाय, पण इन्स्ट्रक्शन्सच्या मानाने फार थोडा. मधल्या फाईलींवर वेळ तेवढाच. आणि अगदी छोट्या फाईलींवर किंचित वाढलाय, नॉइज म्हणावा तर दर वेळी त्याच बाजूला. त्याहून बुचकळ्यात टाकणारी गोष्ट म्हणजे आमच्या आतल्या टायमरप्रमाणे टाइप चेकिंगचा वेळ उतरलाय आणि कोडजनचा (शेवटी कोड तयार करणाऱ्या टप्प्याचा) चढलाय, आणि कोडजनमध्ये मी टाइप बघायची ओळ सोडली तर काहीही बदललेलं नाही.

ऑफिसमध्ये या विषयावर बोलायला गेलं की टाइपस्क्रिप्टचं उदाहरण येतं, मार्च २०२५ मध्ये त्यांनी कंपायलर गो भाषेत नेत असल्याचं जाहीर केलं आणि व्हीएस कोडचा पंधरा लाख ओळींचा कोड ७७.८ सेकंदांऐवजी ७.५ सेकंदांत तपासला गेला. आकडा खरा आहे आणि कामही मोठं आहे, पण त्यांनी चेकरची रचना मुद्दाम तशीच ठेवून भाषा बदलली, आणि फायद्यातला मोठा वाटा नेटिव्ह कोडचा आणि समांतर चालवण्याचा. आमचं बरोबर उलटं आहे, भाषा तीच आणि रचना बदलली. त्यामुळे त्या आकड्याशी तुलना करून मला काहीच कळत नाही.

माझे प्रश्न. कोडजन का चढलं असेल? छोट्या फाईलींचं काय करू? आणि मुख्य प्रश्न, जो मला सगळ्यात जास्त छळतोय: "फरक दिसला नाही" यावरून "फरक नाही" असं म्हणता येत नाही ना? मोजणी पुरेशी ढिसाळ असेल तर कुठलाही बदल "फरक नाही" म्हणून पास होईल. वेग वाढला हे दाखवायच्या पद्धती भरपूर वाचल्या, हळू झालं नाही हे प्रामाणिकपणे कसं दाखवतात?

जाणकारांनी वेळ काढून सांगावं, खूप मदत होईल.

---

प्रतिसाद:

छान सविस्तर लिहिलंय, त्यामुळे उत्तर देणं सोपं जातंय.

कोडजनबद्दल माझा अंदाज बराच पक्का आहे. युनियन-फाइंडमध्ये टेबलात टाइप म्हणून जे पडलेलं असतं ते बऱ्याचदा नुसतं व्हेरिएबल असतं, खरा टाइप त्याच्या साखळीच्या टोकाला. टाइप चेकिंग संपलं तरी ती साखळी कुणी सोडवलेली नाही, आणि मग कोडजन प्रत्येक नोडला टाइप विचारतं तेव्हा तिथे सोडवली जाते. म्हणजे पसारा आवरला नाहीये, या खोलीतून त्या खोलीत गेलाय. हॅस्केलच्या जीएचसीमध्ये याच्यासाठी वेगळी पायरी आहे, तिला झॉंकिंग म्हणतात, आणि रस्टच्या स्वतःच्या कंपायलरमध्ये फंक्शन तपासून झालं की राइटबॅक नावाचा टप्पा सगळी व्हेरिएबल्स सोडवून अंतिम टेबल लिहितो. तुम्ही तेच करा, इन्फरन्सच्या शेवटी एकदा सगळं टेबल सपाट करा. कोडजन पूर्वपदावर आलं आणि टाइप चेकिंग तेवढंच चढलं तर कारण सापडलं, कोडजन तरीही वरच राहिलं तर बाजूच्या टेबलमुळे कॅश मिस (हवी ती माहिती प्रोसेसरजवळच्या छोट्या मेमरीत न सापडणं) वाढलेत का ते बघा, आधी टाइप नोडमध्येच होता, आता प्रत्येक वेळी मेमरीत दुसरीकडे उडी मारावी लागते. इन्स्ट्रक्शन्स उतरूनही वेळ न उतरण्याचं तेही एक नेहमीचं कारण.

टप्प्याटप्प्याच्या टायमरवर निर्णय घेऊ नका. रिफॅक्टरिंगमध्ये टप्प्यांच्या सीमाच सरकतात, त्यामुळे जुन्या आणि नव्या "टाइप चेकिंग"ची तुलना म्हणजे दोन वेगळ्या कामांची तुलना. निर्णय पूर्ण कंपाइलच्या वेळेवर.

छोट्या फाईली: परफ स्टॅटमध्ये पेज फॉल्टचा (मेमरीच्या पानाला पहिल्यांदा हात लागला की होणाऱ्या व्यत्ययाचा) आकडा बघा. इंटर्नर सुरू होतानाच मोठी जागा अडवून ठेवत असेल किंवा सगळे मूळ टाइप आधीच भरत असेल तर तो ठरलेला खर्च शंभर ओळींच्या फाईलला जाणवणारच, मोठ्या फाईलीत तो बुडून जातो. दिसायला "दर वेळी त्याच बाजूला" असंच दिसतं.

---

प्रतिसाद:

वरच्या सगळ्याला +१. मी फक्त शेवटच्या प्रश्नावर बोलतो, कारण तो प्रश्न फार कमी लोक विचारतात.

आधी अ-अ चाचणी करा. जुन्या कमिटची बायनरी आणि पुन्हा जुन्याच कमिटची बायनरी, एक जुनी आणि एक नवी समजून मोजा. त्यात जो फरक दिसेल तो तुमच्या मोजणीचा तळ, त्याच्या खालचं काहीही सांगायचा तुम्हाला अधिकार नाही. मग टीमबरोबर बसून *मोजण्याआधी* ठरवा की किती टक्के हळू झालेलं चालेल. समजा दोन टक्के. आता दाखवायचं ते हे, की फरकाचा विश्वास अंतराल (खरा फरक ज्या पट्ट्यात असण्याची दाट शक्यता आहे तो) पूर्णच्या पूर्ण त्या दोन टक्क्यांच्या आत बसतोय. अंतराल रुंद असून रेषेच्या बाहेर सांडत असेल तर उत्तर "हळू झालं" असं नाही आणि "नाही झालं" असंही नाही, अजून मोजायला हवं एवढंच. मोजताना आधी सगळे जुने आणि मग सगळे नवे असं नको, जुनी-नवी-जुनी-नवी असं आलटून पालटून, म्हणजे मशीनचा मूड दोघांना सारखा वाटला जातो.

दुसरं, लेआउट, म्हणजे कोड आणि डेटा मेमरीत नेमका कुठे पडतो ते. मायत्कोविच आणि सहकाऱ्यांचा २००९ चा एएसपीएलओएस परिषदेतला पेपर वाचला नसेल तर जरूर वाचा. त्यांनी दाखवलं की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सचा आकार किंवा ऑब्जेक्ट फाईली लिंक करायचा क्रम एवढ्यानेही वेळ इतका हलतो की ऑप्टिमायझेशनचा फायदा आहे की तोटा हेच उलटं दिसू शकतं. तुम्ही चेकरच्या कोडचे तीन तुकडे केलेत, म्हणजे लेआउट हललाच आहे. एन्व्हायर्नमेंटचा आकार बदलत, लिंकचा क्रम बदलत वेगवेगळ्या बिल्ड मोजा, एकाच बिल्डला शंभरदा चालवून हे दिसत नाही.

सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत) मात्र इन्स्ट्रक्शन्सच लावा. रस्ट कंपायलरची परफ साइटही आधी इन्स्ट्रक्शन्सच दाखवते कारण घड्याळाचा वेळ फार डोलतो. क्लाउडच्या बऱ्याच मशीनवर हार्डवेअर काउंटर मिळत नाहीत, तिथे कॅशग्राइंड (सिम्युलेशन करून इन्स्ट्रक्शन्स मोजणारं साधन) चालवा, नव्या आवृत्त्यांत कॅश सिम्युलेशन आपोआप चालू नसतं हे लक्षात ठेवा. आणि रस्टचा साधा हॅशमॅप दर वेळी नवा रँडम सीड घेतो, त्याने इन्स्ट्रक्शन्सचा आकडाही थोडा हलतो, हॅशर ठरावीक केलात की शांत होतो. इन्स्ट्रक्शन्स हा पहारेकरी म्हणून ठेवा, निकाल वेळेवरच लावा.

एक विचारतो, मोजायला फाईली कुठल्या घेतल्या?

---

धागालेखिका:

दोघांचेही मनापासून आभार. राइटबॅक घातला आणि अगदी तसंच झालं, कोडजन जिथे होतं तिथे परत आलं, टाइप चेकिंग थोडं चढलं, तरी एकूण वेळ उतरलेलाच. पेज फॉल्टचंही बरोबर निघालं, इंटर्नर सुरुवातीला गरजेपेक्षा खूप मोठी जागा घेत होता, ती कमी केल्यावर छोट्या फाईली अ-अ चाचणीच्या तळाच्या आत आल्या. सीमा टीमने आधी ठरवून दिली, आता आलटून पालटून मोजणी आणि वेगवेगळ्या लिंक क्रमांच्या बिल्ड चालू आहेत.

फाईलींबद्दल: खऱ्या वापरातल्या नियमांच्या फाईली, शिवाय मुद्दाम बनवलेल्या काही. त्यातली एक सांगण्यासारखी आहे. जोडीची जोडी, तिची जोडी असं लेटने वीस पायऱ्या चढत जायचं. तळाला साधा पूर्णांक असेल तर झाडात १०,४८,५७६ पानं होतात, जुना चेकर ती सगळी कॉपी करायचा, इंटर्न केल्यावर मात्र मोजके वेगळे टाइप उरतात आणि काम चुटकीसरशी होतं. पण तळाला आयडेंटिटी फंक्शन ठेवलं की प्रत्येक वापराला नवं टाइप व्हेरिएबल लागतं, ती व्हेरिएबल्स एकमेकांसारखी नसतातच, त्यामुळे इंटर्निंगचा तिथे काही उपयोग नाही आणि नवा चेकरही तसाच आडवा होतो. एमएल प्रकारच्या (म्हणजे हिंडली-मिलनर पद्धतीच्याच) इन्फरन्सला वाईटात वाईट केसमध्ये एक्स्पोनेन्शियल वेळ लागतोच हे १९९० च्या आसपासच सिद्ध झालंय, त्यामुळे तिथे हट्ट धरत नाहीये. ही केस रिपोर्टमध्ये वेगळी ठेवलीये, सरासरीत मिसळली तर बाकी सगळं झाकलं जाईल.

एक प्रश्न मात्र उरतोय. एडिटरमध्ये फाईल बहुतेक वेळ अर्धवट टाइप केलेली, म्हणजे चुकीचीच असते, आणि जुना चेकर पहिल्या चुकीला थांबायचा म्हणून तिथे तो नेहमीच जिंकणार. चुकीच्या प्रोग्रॅमवरचा वेळ मोजायला तुलना कशाशी करायची? सध्या असं डोक्यात आहे की बरोबर फाईलींत एकेक टोकन (शब्द किंवा चिन्ह) गाळून फाईली बनवायच्या आणि नव्या चेकरची त्याच्या स्वतःच्याच बरोबर फाईलीवरच्या वेळेशी तुलना करायची. कुणी असं केलंय का, किंवा याहून बरा मार्ग माहीत आहे का?